लागोपाठ दोन स्वल्पविराम

हिरेमठ सरांनी फळ्यावर लिहिलं: स्ट्रटोक.
मागच्या बाकावर मला ऐकू आलं नुसतं टोक.
आमच्या घरात टोक सुताचं असतं.
तुटलं की नायना ते जिभेनं ओलं करतो,
चिमटीत दुसऱ्या टोकाशी वळतो,
आणि माग पुन्हा खडखडायला लागतो.

हे टोक उलटं.
अख्खी ओळ याच्या हातात द्यायची, वर सांगायचं कुठे तोड.
स्वल्पविराम दिसला की तिथे शून्य ठेवतं,
पहिला तुकडा बाहेर.
पुढच्या खेपेला ओळ द्यायची नाही, नुसतं नल म्हणायचं;
कुठवर आलो होतो ते त्याचं ते लक्षात ठेवतं,
जसा चहाहून परतलेला नायना
न मोजता सांगतो: सातवा टॉवेल, अर्ध्यावर.

टॉवेल काही एकेक विणत नाहीत.
एकच लांबलचक कापड उतरतं,
मध्ये मध्ये दोन बोटं नुसता ताणा,
आणि अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये कलव्वा मावशी
नेमकी त्या उघड्या जागेवर कात्री चालवते.
"रिकामं सोडलं नाही तर कापायचं कुठं गं?"

रविवारी दुडम मुनिमांनी पेनड्राइव्ह दिला.
अठरा मागवाले, सहा दिवसांची मजुरी,
आकड्याआकड्यांत स्वल्पविराम.
"बघू तरी, काय शिकलीस."

सतरा जण नीट उतरले.
अठरावा म्याकल अंबादास:
सोम ४१०, मंगळ ४३५, बुध ४२०,
गुरू ३९०, शुक्र ४४०,
शनिवारी काहीच नाही.

पण शनिवारचा डबा मीच नेला होता.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
मागांच्या गोंगाटात त्यानं नुसते ओठ हलवले: जेवलीस?

मुनिमांवर चिडून मूळ ओळ छापून बघितली.
छापलं फक्त म्याकल अंबादास.
पुढचं गेलं. स्ट्रटोकनं ओळच कुरतडली होती,
जागोजागी शून्य पेरून.

फाइल पुन्हा उघडली.
बुधवारचे ४२०, स्वल्पविराम,
आणि त्याला चिकटून दुसरा स्वल्पविराम.

स्ट्रटोक अशा जागी थांबत नाही.
लागोपाठचे दोन ते एकच धरतं,
गुरुवार गिळतं, शुक्रवार पुढे ओढतं.
बेरीज मात्र चुकत नाही, दोन हजार पंच्याण्णव.
बेरीज आमच्या घरीही चुकली नव्हती.

गुरुवारी सातलाच निघाला होता तो,
सायकलच्या हँडलला पिशवी.
संध्याकाळी डबा रिकामा आला.
विड्यांचे कट्टे बांधता बांधता अम्मानं विचारलं,
माग बरा चालला का?
तेलुगूत म्हणाला, चालला.
मग खोकला. खोकल्याला भाषा लागत नाही,
या गावात तीन असूनही.

फडताळामागे हात घातला तर लखोटा.
सिव्हिल हॉस्पिटल, तारीख गुरुवारची.
फिल्म बल्बसमोर धरली.
फासळ्याफासळ्यांत काळी, मोकळी जागा हवी म्हणे;
उजवीकडे वर तिथे काहीतरी पिंजून भरलेलं.
लखोटा होता तसा ठेवला.

रात्री स्ट्रटोक काढून टाकलं.
एकेक अक्षर स्वतः चालत गेले.
दोन स्वल्पविराम शेजारी आले तिथे थांबले,
मधली शून्य लांबीची स्ट्रिंग उचलली,
गुरुवारच्या खाली ठेवली.
शुक्रवार शुक्रवारी गेला, शनिवार शनिवारी.

सकाळी नायना जुन्या लॅपटॉपवर वाकला.
मराठी तो सावकाश वाचतो, आकडे भरभर.
बोट ४२० वरून सरकलं
आणि रिकाम्या चौकटीवर राहिलं.
"बरोबर आहे," म्हणाला.
पाणी प्यायला. शर्टाची बटणं लावली.
अम्मा आत पानं भिजवत होती.

पिशवी उचलली, डबा काढून कट्ट्यावर ठेवला,
चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता:
"कॉलेज किती वाजता?
दहापर्यंत येशील का माझ्याबरोबर?"